रंभाच्या कागदावरचं ऊन

पाण्यावरची चमक काढा म्हटलं की पोरं आधी पांढरी ट्यूब उघडतात, आणि माझं डोकं फिरतं. सबंध नदी निळीनं सारवून घ्यायची आणि मग तिच्यावर पांढरे ठिपके देत बसायचं. चित्र पुरं झालं की नदीला देवी आल्यासारखं दिसतं. मी ओरडायचो, "अरे, जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो राखायचा असतो. आधी झाकून मग शोधायचा नसतो." पोरं माना डोलवायची आणि मी पाठ वळवली की ट्यूबचं झाकण पुन्हा फिरायचं.

मी भिमाजी शितोळे, चित्रकला शिक्षक. राहायला कासुर्डीला आणि शाळा भीमेच्या काठच्या गावात, दौंड तालुक्याच्या अगदी कडेला. वर्गाच्या मागच्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडं शिरूर तालुका. परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना माझे तास हवे असायचे आणि पाऊस लागला की पीटीच्या सरांना माझा वर्ग. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत किंमत ती तेवढीच. त्यानं माझा स्वभाव तिरसट झाला, असं मी सांगतो. घरचे म्हणतात, आधीही काही फार गोड नव्हता.

तर सत्त्याण्णव साली माझ्या नववीच्या वर्गात रंभा शिंगाडे होती. धनगराची पोर. उंच, काटकुळी, आणि बोलण्यात अशी चिक्कू की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायची नाही. तिचा बाप बिरदेव शिंगाडे. त्याच्या बापाची हयात मेंढरांमागं कोकणाच्या वाटेवर गेली. बिरदेवानं मात्र नदीकाठी घर बांधलं, थोडी जमीन धरली, ज्वारी-कांदा करायला लागला. तरी कळप सुटला नव्हता. घराशेजारी मेंढरं कोंडायचं वाडगं होतं आणि ती चारायला न्यायचं काम रंभाकडं. शाळेच्या आधी एक फेरी, शाळा सुटल्यावर दुसरी.

मी वर्गाला 'सकाळची नदी' घरून काढून आणायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी एकेक कागद बघत आणि शिव्या मोजत चाललो होतो. रंभाचा कागद हातात आला आणि माझं तोंडच बंद झालं. खरं सांगतो, मी हबकलो. नदीवर ऊन होतं. उन्हाचं चित्र नव्हे, ऊन. लांब पलीकडं बारीक कणी, अलीकडं येता येता मोठी होत गेलेली, कुठं दाट, कुठं विरळ, आणि मधून निळं पाणी वाहतंय. मी नखानं खरवडून बघितलं. रंगाचा कण निघाला नाही. कागद खिडकीशी धरला. चमकत होता तो कोरा कागदच होता.

"पांढरा वापरलास?"

"न्हाई सर."

"मग हे काय आहे?"

"ऊन हाय."

"ते मलाही दिसतंय. केलंस कसं?"

ती विचारात पडली. "केलं न्हाई काय. रंग फिरवला, ऊन राह्यलं."

मला रात्री जेवण गेलं नाही. मी डिप्लोमा केला तेव्हा पाण्याची चमक ब्लेडनं कागद खरवडून काढून मार्क मिळवले होते. राखणं मला कधी साधलंच नव्हतं. फळ्यापुढं उभं राहून सांगायला मात्र पट्टीचा. आणि इथं एक मेंढरामागची पोरगी विचारल्यावर सांगू शकत नाही, पण करून मोकळी होते. मला आनंद झाला आणि थोडी जळजळही झाली. आनंद जास्त होता.

पुढं प्रत्येक वेळी तेच. तिची एक सवय होती. कागद पुढं घेतला की त्यावर तळहात फिरवायची, मग कागद उलटसुलट करायची आणि एक बाजू खाली धरायची. "ह्ये पाण्याचं अंग," म्हणायची. झालं, मला व्याख्यानाला विषय मिळाला. मी वर्गाला सांगायला लागलो, "बघा, ही आधी कागदाला विचारते. तुम्ही गाढवं नुसती ब्रश बुचकळता." पावसाळ्यात बाकीच्यांचे कागद दमटून फुगायचे, हिचा कोरडा ठणठणीत. कुठं ठेवतेस विचारलं तर म्हणाली, "घरी, उबीला." तिची चित्रं मी शिक्षकांच्या खोलीत लावली. गणिताच्या सरांनी काही दिवस माझा तास मागितला नाही.

एकदा खिडकीशी ब्रश धुताना ती आपणहून बोलली. "सर, तुमच्यागत व्हायला काय लागतं?"

"चिडकं व्हायला?"

"न्हाई. चित्रकलेची बाई व्हायला."

मी तिला सांगितलं. दहावीत इंटरमिजिएटची सरकारी परीक्षा द्यायची, चांगली ग्रेड काढायची, मग आर्ट टीचरचा डिप्लोमा, मग नोकरी. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, विषयांत नदी, तळं, घाट असं काहीतरी हमखास येतं. पाणी आलं की तुझी ग्रेड खिशात, असं मी म्हणालो. ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हे सगळं तिनं घरी सांगितलं असणार, कारण थोड्या दिवसांनी बिरदेव वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आत यायला तयार नाही.

"सर, पोरीचा हात चांगला हाय म्हणत्यात."

"आबा, असा हात मी बघितलेला नाही."

त्यानं मान हलवली. भिंतीवरची चित्रं दारातूनच बघितली. बराच वेळ बघितली. "पर मेंढरामागं पळून ह्ये व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "हात मोकळं पायजेत तिचं." आणि गेला.

जूनमध्ये रंभा दहावीत आली आणि शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बातमी आली की बिरदेवानं कळप विकला. सगळा. त्याच्या चुलत मेव्हण्याचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, पाबळच्या बाजूला माळावर फिरत असायचा, त्यानं मेंढरं नेली. वर्षाची लोकर घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडं गेली. गावानं बिरदेवाला वेड्यात काढलं. पोरीच्या लग्नासाठी विकली असती तर लोकांना कळलं असतं, आजारपणासाठी विकली असती तर वाईट वाटलं असतं. पोरीनं चित्रं काढावीत म्हणून धनगरानं मेंढरं विकली, हे ऐकून पारावरची माणसं एकमेकांकडं बघत राहिली. मीही थक्क झालो. बिरदेवानं मात्र दौंडच्या बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली, निळी, कुलूपवाली. पोरीचे कागद ठेवायला.

रंभाची आई तानुबाई, ती कळप गेला त्या दिवशी वाडग्यात बसून रडली. रंभा रडली नाही. तिच्यापुढं आता सकाळ मोकळी होती, संध्याकाळ मोकळी होती, पेटीत नवे कोरे कागद होते, आणि सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा.

आणि पाणी मेलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. जुलैत तिनं पहिली नदी काढली ती सपाट आली, भिंतीला निळीचा हात दिल्यासारखी. मला वाटलं, घाई केली असेल. दुसरी तशीच. तिसरी तशीच. झाडं चांगली, घाट चांगला, बायकांच्या डोक्यावरच्या कळशा चांगल्या, आणि मध्ये निळं फडकं पसरलेलं. ती कागदावरून हात फिरवायची, उलटसुलट करायची आणि गोंधळून बघत राहायची.

"पाण्याचं अंग घावंना," म्हणाली.

मी ओरडलो. दुसरं मला येतं काय? "हात जड झालाय तुझा. कौतुक डोक्यात गेलंय. परीक्षा तोंडावर आली आणि तुला भलतं सुचतंय." ती ऐकून घ्यायची, ब्रश धुवायची आणि पुन्हा सुरू करायची. तिच्या डोळ्यांत मात्र भीती बसली. वर्षभर आपला म्हणून वागवलेला हात एका सकाळी आपलं ऐकेनासा झाला, तर माणसाचं काय होईल? रोज तेच चित्र काढायची आणि रोज ते मरायचं. एक दिवस मी वर्गात फिरत मागं गेलो आणि बघितलं, रंभा बाकाखाली हात धरून पांढऱ्या ट्यूबचं झाकण उघडत होती. मला रागवायलाही सुचलं नाही.

त्या रविवारी मी माझी एम-एटी गाडी काढली आणि तिच्या घरी गेलो.

बिरदेवाला कोण आनंद. त्यानं बाज टाकली, तानुबाईला चहा ठेवायला सांगितला, मला रिकामं वाडगं दाखवलं. आता तिथं त्यानं वाफे करून मेथी टाकली होती. मी म्हणालो, "रंभा, कागद आण. माझ्यासमोर बस. नुसता हात कसा फिरवायचा ते मी दाखवतो. काहीतरी साधी गोष्ट चुकतेय." पेटीतले कागद सरावात संपले होते. तिनं शोधाशोध केली आणि भिंतीतल्या फळीवर, पुस्तकांच्या खाली, गेल्या वर्षीचा एक कागद सापडला. कडा पिवळट झालेला.

मी पाट मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला. रुंद ब्रश निळ्यात बुचकळला. चमक काढायचा माझा विचारही नव्हता. नुसता सपाट हात मारून दाखवणार होतो, मनगट कसं सैल ठेवायचं एवढंच. ब्रश डावीकडून उजवीकडं ओढला.

ऊन आलं.

माझ्या हातून आलं. सबंध जन्मात जे मला जमलं नव्हतं ते त्या पोरीच्या ओसरीवर, मी दुसरंच काही करत असताना, माझ्या ब्रशखालून निघालं. रंग पसरला आणि ठिकठिकाणी फुटून मागं सरला, आणि कोरे कण लखलखत राहिले. मी दुसरा हात मारला. पुन्हा तेच. अंगावर सरसरून काटा आला. हात कसाही चालला तरी येत होतं.

बिरदेव खूश झाला. "आलं की सर. तुमी दावलं आन् आलं."

रंभानं माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. असं ती एरवी कधी करणार नाही. तिनं एक फटकारा मारला, वेडावाकडा, लहान पोर मारेल तसा. त्यातही चमक आली. तिनं ब्रश खाली ठेवला.

"तानुबाई," मी विचारलं, "हा कागद कुठं ठेवलेला असायचा?"

"लोकरीत की." तानुबाई चहा घेऊन बाहेर आली होती. "ह्या घरात उंदीर किती, आन् पत्रा गळतुया. लोकरीच्या पोत्यागत कोरडी जागा न्हाई. तिथंच खुपसून ठेवायची ही. समदा कागद मावायचा न्हाई, मग वरच्या अंगाला खताची पिशवी घालायची."

मी कागदाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. अगदी किंचित बुळबुळीत लागलं. नाकाशी नेलं. मेंढीचा वास. कातरलेल्या, न धुतलेल्या लोकरीला मेंढीच्या अंगाचा ओशटपणा असतो. तो महिनोन् महिने कागदाला लागत गेला, जिथं लोकर टेकली तिथं कणाकणानं. ओशट जागी पाण्यातला रंग धरत नाही, आणि रंभाचा तळहात नकळत तेच अंग शोधायचा. एवढंच होतं. यात चित्रकला कुठंच नव्हती.

मी हे मोठ्यानं बोललो. न बोलून करणार काय, सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती.

रंभाचा चेहरा मी विसरणार नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पांढरीफटक पडली आणि कागदाकडं बघत म्हणाली, "म्हंजी त्यात माझं काय हुतं?"

झाडं तुझी होती, घाट तुझा होता, असं म्हणता आलं असतं. पण वर्षभर सगळी शाळा ज्याला टाळ्या वाजवत होती ते पाणी होतं.

बिरदेवाला हे सगळ्यांत शेवटी कळलं. "लोकर?" तो म्हणाला. "आपल्या मेंढरांची?" मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्यापुढं धरली. "ही चालंल का सर?"

"नाही आबा. ती धुतलेली, खळ दिलेली. तिच्यात आता ओशट राहिलेलं नाही."

तो घोंगडी तशीच हातात धरून उभा राहिला. "चित्रापायी मेंढरं इकली," तो हळूहळू, स्वतःलाच समजावून सांगत बोलला, "आन् चित्र मेंढरांत हुतं." मग तो मेथीच्या वाफ्यांकडं गेला आणि आमच्याकडं पाठ करून बसला. चहा तसाच गार झाला. मी निघालो तेव्हा कुणी मला थांबा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिरदेव घरातून गेला. कुठं ते सांगितलं नाही. काठी आणि घोंगडी घेऊन गेला एवढंच तानुबाईला माहीत. रंभाही शाळेत येईना. परीक्षा तोंडावर, फॉर्म भरलेला, आणि पोरगी घरात कोपरा धरून. मीच तिला आणायला गेलो. जाताना खिशात मेणबत्ती होती.

"हे बघ," मी म्हणालो, "कागदावर मेणबत्ती घासायची, वरून रंग मारायचा. लोकरीचंच काम. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिनं मेणबत्ती हातात घेतली आणि मला परत दिली. "मेंढीचं गेलं म्हणून मेणबत्तीचं घेऊ? त्ये बी उसनंच की सर."

मला राग आला. परीक्षा कुणाची? नोकरी कुणाला हवी? तरीही रागाच्या खाली कुठंतरी मला बरं वाटलं. "मग काय करणार आहेस?"

"तुमी शिकवा. लोकरीबिगर कसं राखत्यात ते."

मोठाच पेच. कारण मला ते येत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही, पण पहिल्याच दिवशी नदीकाठी बसलो तेव्हा तिला कळलं. आम्ही दोघं पहिलीतल्या पोरांसारखे सुरुवातीपासून शिकायला बसलो. शाळा सुटली की नदीवर. पाऊस उघडला होता, पाणी भरपूर होतं, आणि ऊन कलतं तेव्हा भीमेवर अशी काही कणी पडते की डोळे ठरत नाहीत.

आधी नुसतं बघायला शिकलो. चमक सगळीकडं सारखी नसते. सूर्याच्या खाली ती दाट, कडेला जावं तशी तुटक. लांबची कणी बारीक आणि आडवी, जवळची मोठी आणि मोडकी. आणि तिच्या शेजारचं पाणी आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी काळं असतं. आम्ही निळं फिकट ठेवत होतो म्हणून पांढरं उठत नव्हतं, हे माझ्या टाळक्यात चाळिशीनंतर शिरलं.

मग हात. कागदाची खरबरीत बाजू वर घ्यायची. रंग दाट कालवायचा, ब्रश भरायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा की तो जवळजवळ कोरडा झाला पाहिजे. मग ब्रश उभा नाही, आडवा धरायचा, पोटावर. आणि कागदावरून उडत न्यायचा, टेकला न टेकला असा. कागदाच्या उंच जागी रंग लागतो, खोलगट जागी पांढरं राहतं. सांगायला एवढंसं. ब्रश ओला राहिला तर पाणी सपाट, फार कोरडा झाला तर नदीची झाडूनं झाडलेली वाळू होते. हळू नेला तर मेलं. घाबरून नेला तरी मेलं. आम्ही रद्दीच्या वहीचे कागद फाडत होतो आणि मी शिव्या देत होतो, पण आता त्या मलाच होत्या.

तिला ते माझ्या आधी आलं. तळहाताएवढ्या जागेत आलं, जास्त नाही. लोकरीवालं ऊन घसघशीत होतं, हे काटकसरीचं. चार-सहा कण्या, मग तुटलेलं, मग पुन्हा दोन. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, "बारकं हाय. पर मला ठावं हाय कुठनं आलं." ब्रश हवा तेव्हा पुन्हा तसा चालेल याची खात्री तिला नव्हती. मलाही नव्हती.

बिरदेवाचा अजून पत्ता नव्हता. तानुबाई वरवर म्हणायची, "पाय हायेत त्यांना, येत्याल," पण दाराशी उठूनउठून जायची. गावात कुणी काहीही बोलत होतं. रंभा बापाबद्दल माझ्याशी एकदाच बोलली. "माझ्या तोंडाकडं बघवंना म्हणून गेल्यात त्ये." मलाही तसंच वाटत होतं.

परीक्षेचं केंद्र दौंडला होतं. शेवटचा पेपर स्मरणचित्राचा, शनिवारी. विषयांत नदीघाट आला. मी बाहेर लिंबाखाली येरझाऱ्या घालत होतो, दुसऱ्या शाळेचे एक सर मला दोनदा पाणी देऊन गेले. रंभा बाहेर आली ती बोटं निळी करून.

"आलं?"

"आलं."

"किती?"

"हातभर न्हाई. पर जिथं पायजे तिथं आलं."

मला तिथंच रस्त्यात नाचावंसं वाटलं. निकाल पुढं लागला, बी ग्रेड. ए नव्हे. पण डिप्लोमाला तेवढी पुरली, आणि आज ती शिरूरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तिचा वर्ग तिला घाबरतो असं ऐकतो. ते सगळं नंतरचं. मी सांगतोय ती त्या शनिवारची संध्याकाळ.

मी तिला मागं बसवून घरी सोडायला गेलो. तिला कधी एकदा आईला सांगते असं झालं होतं. गाडी अंगणाशी थांबली आणि आम्ही दोघं जागच्या जागी राहिलो. मेथीच्या वाफ्यात एक मेंढी उभी होती. काळी, म्हातारी, एक पाय उचलून धरलेली. शेजारी बिरदेव बसला होता. दाढी वाढलेली, वहाणेचा अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला, डोळे खोल गेलेले. मी त्याला एकदम ओळखलंच नाही.

रंभाला बघून तो उठला आणि आमच्या तोंडून काही निघायच्या आत बोलायला लागला. मेव्हण्याचा वाडा पाबळवरून हलला होता. या माळावर नाही, त्या माळावर नाही, विचारत विचारत गेला. सापडला तर मेव्हणा मेंढी द्यायला तयार होईना, एक म्हातारी दिली. "येस्टीत मेंढी घेत न्हाईत सर. मग चालवत आणली. कोरेगाव भिमाच्या पुलापासनं लंगडाया लागली, तवा खांद्यावर घेतली." मग त्यानं मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "हिची लोकर कातरलेली न्हाई. मुद्दाम बघून घेतली." तो रंभाकडं बघायला लागला. "माळावर वाराचा पत्ता लागत न्हाई. पेपर उद्याच्याला ना? उशीर तर न्हाई झाला? एकीवर भागंल का गं तुझं?"

तानुबाई दारात उभी होती. तिला वार माहीत होता. तिनं पदर तोंडाशी नेला. मी खरं सांगायला तोंड उघडलं.

रंभा माझ्या आधी बोलली. "भागंल की आबा," ती म्हणाली. "येळंवर आलात."

ती आत गेली, पेटीतून परीक्षेसाठी आणलेल्यातला उरलेला कोरा कागद घेऊन आली आणि मेंढीपाशी मांडी घालून बसली. तिनं कागद मेंढीच्या पाठीवर ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी दाबत राहिली, निळ्या बोटांनी, हळूहळू, खालच्या बाजूला नीट सगळीकडं. बिरदेव शेजारी बसून बघत होता. "हिकडं बी लाव," म्हणत होता. ती लावत होती. मला तिथं उभं राहवेना. मी गाडीपाशी गेलो आणि किल्ली लावायची सोडून नुसता उभा राहिलो.

रविवारी सकाळी मी कासुर्डीहून पुन्हा त्यांच्या दाराशी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. रंभा शाळेचा ड्रेस घालून, वेण्या घालून, रंगाची पेटी आणि गुंडाळलेला कागद घेऊन तयार होती. मला बघून ती चकित झाली नाही. बिरदेवानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या गाडीच्या सीटवरची धूळ आपल्या घोंगडीनं पुसली. "सावकाश न्या सर," म्हणाला. ती मागं बसली. मी गाडी दौंडच्या रस्त्याला लावली. त्या दिवशी दौंडला कसलाही पेपर नव्हता.